पाणी पिण्याची तीन मिनिटे

29 जून 2014. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात विश्वचषकाचा नेदरलँड्स-मेक्सिको सामना भर उन्हात सुरू होता. मेक्सिको एका गोलने पुढे होता. खेळाडूंना पाणी पिऊन अंग थंड करता यावे म्हणून पंचांनी उत्तरार्धात खेळ थांबवला. डचांचे प्रशिक्षक लुई व्हान खाल यांनी त्याच वेळात संघाला नव्याने मांडले. अखेरच्या काही मिनिटांत नेदरलँड्सने दोन गोल करून सामना जिंकला. आपण तो बदल पाणी पिण्याच्या विश्रांतीतच केला, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले.

नियम केला होता शरीरासाठी, त्याचा उपयोग झाला डावासाठी. फुटबॉलच्या नियमांचा इतिहास पाहिला तर असे वारंवार घडलेले दिसते.

बदली खेळाडूंचेच घ्या. 1966च्या विश्वचषकात पोर्तुगालच्या बचावपटूंनी पेलेला पाडले. बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती, त्यामुळे तो लंगडत मैदानातच राहिला. समोरच्या संघाचा सर्वोत्तम खेळाडू जायबंदी केला की उरलेला सामना सोपा, असा हिशेब त्या काळी शक्य होता. 1970च्या विश्वचषकात दोन बदली खेळाडूंना परवानगी मिळाली आणि या हिशेबातला फायदा कमी झाला. पुढे 1998पासून, प्रतिस्पर्ध्याला इजा होईल अशा पाठीमागून केलेल्या टॅकलला थेट लाल कार्ड दाखवले जाऊ लागले.

उलट, काही नियमांनी शरीरावरचा भार वाढवला. 1990च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी 2.21 गोल झाले आणि खेळ कंटाळवाणा झाल्याची ओरड सुरू झाली. आघाडी मिळालेला संघ चेंडू गोलरक्षकाकडे मागे देई, तो हातात घेऊन वेळ काढी. 1992मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला मनाई झाली. आता बचावपटूवर धावून गेले तर चेंडू हिसकावता येतो, हे आघाडीच्या खेळाडूंना उमगले. आज ज्याला ‘प्रेसिंग’ म्हणतात त्या खेळाला इथून बळ मिळाले. खेळ रंगला, पण खेळाडूंच्या हक्काचे दम घेण्याचे क्षण गेले.

ही कसर काही अंशी 2020मध्ये भरून निघाली. करोनानंतर दाटीवाटीने सामने होणार म्हणून तीनऐवजी पाच बदली खेळाडूंना तात्पुरती मुभा दिली गेली. इंडियन सुपर लीगचा 2020-21चा संपूर्ण हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर, फातोर्डा, वास्को आणि बांबोळीला, याच नियमाने खेळला गेला. मुंबई सिटीने तो जिंकला. पाच बदल म्हणजे गोलरक्षक सोडून अर्धा संघ ताजातवाना! त्यामुळे शेवटपर्यंत जोर लावून प्रेसिंग करणे परवडू लागले, आणि तात्पुरता नियम 2022मध्ये कायमचा झाला.

मेंदूला मार बसल्याची शंका असेल तर वेगळा, जादा बदली खेळाडू घेण्याची चाचणी 2021मध्ये सुरू झाली. 2024पासून स्पर्धांना ही तरतूद कायम स्वीकारता येते. यात नियम करणाऱ्यांनी अनुभवातून शहाणपण दाखवले आहे. एका संघाने असा बदल केला की समोरच्या संघालाही एक जादा बदल मिळतो, म्हणजे दुखापतीचे सोंग घेऊन डाव साधता येत नाही.

आता पाण्याच्या विश्रांतीकडे येऊ, कारण आपल्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची. धावताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा हालचालीसाठी खर्ची पडतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घामाचा. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो झटकन उडतो. खांदेश्वर, पनवेलच्या दमट हवेत तो टपटप गळतो, आणि गळलेला घाम शरीर थंड करत नाही. म्हणून नुसते तापमान पाहून चालत नाही. हवेचे तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित निर्देशांक 32 अंशांवर गेला की विश्रांती द्यायची, असा फिफाचा दंडक होता. 2026च्या विश्वचषकासाठी तर हवामान कसेही असो, पूर्वार्धात आणि उत्तरार्धात प्रत्येकी तीन मिनिटांची विश्रांती ठरवण्यात आली.

16 एप्रिल 2023 रोजी खांदेश्वरपासून काही किलोमीटरवर, खारघरच्या मोकळ्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. ती माणसे धावत नव्हती, बसलेली होती. आपली मुले मात्र एप्रिल-मेच्या सुट्टीत भर दुपारी टर्फवर स्पर्धा खेळतात, आणि कृत्रिम गवत उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. पायात गोळे, उलट्या, चक्कर अशा तक्रारी घेऊन आलेली खेळाडू मुले आम्ही सरकारी रुग्णालयात दर उन्हाळ्यात पाहतो. मोठ्या स्पर्धांची पिवळी-लाल कार्डे आपण उचलली. पाण्याची तीन मिनिटे मात्र अनेकदा राहून जातात.

आयोजकांनी आणि पालकांनी एवढे करावे. सकाळी अकरा ते दुपारी चार सामने ठेवू नयेत. दर पंधरा-वीस मिनिटांनी खेळ थांबवून सावली आणि पाणी द्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. मैदानाजवळ बर्फ आणि पाण्याच्या बादल्या असाव्यात. मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर उष्माघात समजावा, मग घाम येत असला तरीही. 108ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन, कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहावे. मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काही देऊ नये. तापाची गोळी इथे कामाची नाही. डोक्याला मार बसून मुलगा गोंधळलेला वाटला तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

‘खेळाची लय तुटते’ असे एखादे प्रशिक्षक म्हणतीलही. त्यांना व्हान खाल यांचा सामना सांगावा. त्या तीन मिनिटांत मुले थंड होतात आणि प्रशिक्षकाला संघाशी बोलता येते. दोघांच्या फायद्याचा नियम पाळायला अडचण कसली?