कॅमशाफ्टचा उघडकाल : इंजिनाची कार्यक्षमता व आयडलिंगचा आवाज

बीजसंज्ञा : कॅमशाफ्ट, उघडकाल, ओव्हरलॅप, आयडलिंग, टॉर्क

प्रस्तावना :
उभ्या अवस्थेत वाहन जितके धडधडते तितके त्याचे इंजिन शक्तिशाली, असा समज विद्यार्थिवर्गात दृढ आहे. सायलेन्सर बदलून आवाज वाढविण्यामागेही बहुधा हाच समज असतो. तो सर्वस्वी निराधार नाही. शर्यतीच्या इंजिनाचे आयडलिंग खरोखरच अनियमित असते. तथापि ती धडधड शक्तीची नसून मंद गतीस बिघडलेल्या ज्वलनाची खूण होय. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा उलगडा केला आहे.

उघडकाल म्हणजे काय?
चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो व तिच्यावरील उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा अवधी क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. त्यास ड्युरेशन अर्थात उघडकाल म्हणता येईल. उदाहरणार्थ, इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी १० अंश उघडला आणि खालचे टोक ओलांडल्यावर ४० अंशांनी मिटला, तर उघडकाल १० + १८० + ४० = २३० अंश होतो. हेच आकडे ३५ व ६५ असल्यास तो २८० अंश होतो.

गतीशी संबंध :
मिनिटास ९,००० फेऱ्यांना एका स्ट्रोकसाठी केवळ ३.३ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत सिलिंडर पुरता भरत नाही. व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यास वेगाने आत येणारी हवा स्वतःच्या संवेगामुळे, पिस्टन वर सरकू लागल्यावरही, आत शिरत राहते व शक्ती वाढते. मंद गतीस मात्र हवेला असा संवेग नसतो; आत आलेले मिश्रण उलट बाहेर ढकलले जाते, प्रत्यक्ष संपीडन घटते आणि टॉर्क कमी होतो.

आयडलिंगचा आवाज :
उघडकाल वाढला की इनलेट व एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा अवधी, म्हणजे ओव्हरलॅप, सामान्यतः वाढतो. ७० अंशांचा ओव्हरलॅप ७,००० फेऱ्यांना १.७ मिलिसेकंद टिकतो, तर १,००० फेऱ्यांना सुमारे ११.७ मिलिसेकंद. पेट्रोल इंजिनात आयडलिंगच्या वेळी थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने इनलेट मार्गात निर्वात असतो. त्यामुळे जळालेला वायू उलट ओढला जाऊन ताज्या मिश्रणात मिसळतो. परिणामी एक स्फोट क्षीण, तर पुढचा जोरदार होतो. हाच चढउतार धडधडीच्या रूपाने ऐकू येतो. इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगची गती वाढवावी लागते. इंधन व न जळलेले हायड्रोकार्बन वाया जातात.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे :
नागपूरच्या हिंगणा औद्योगिक क्षेत्रात महिंद्र अँड महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना आहे. या कंपनीच्या ५७५ डीआय ट्रॅक्टरचे सुमारे २,७३० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन १,९०० फेऱ्यांना सुमारे ४५ अश्वशक्ती देते. पुण्याजवळील चाकण येथे बजाज ऑटोने २०१३ पासून तयार केलेल्या केटीएम ३९० ड्यूकचे ३७३ घनसेंटिमीटरचे इंजिन ९,००० फेऱ्यांना जवळपास तेवढीच, सुमारे ४३ अश्वशक्ती देत असे. परंतु या गतींना टॉर्क अनुक्रमे सुमारे १६८ व ३४ न्यूटन-मीटर येतो. नांगर ओढणाऱ्या यंत्रास मंद गतीचा टॉर्क हवा, म्हणून तेथे अल्प उघडकाल उपयुक्त ठरतो. शिवाय डिझेल इंजिनात वरच्या टोकाशी पिस्टन व व्हॉल्व्ह यांत अंतर फार थोडे असल्याने मोठा ओव्हरलॅप शक्यच नसतो. हा फरक केवळ कॅमशाफ्टमुळे पडत नाही. इंजिनाचा आकार व इंधनही कारणीभूत असतात. मात्र कोणत्या गतीस श्वास मोकळा व्हावा, हे ठरविण्यात कॅमशाफ्टचा वाटा मोठा असतो.

सायलेन्सर बदलल्याने कॅमशाफ्टचा उघडकाल बदलत नाही. म्हणजे आवाज वाढतो, पण इंजिनाचा स्वभाव तोच राहतो. ध्वनिमानकांचा भंग मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९०(२) अन्वये दंडनीय ठरतो.

निष्कर्ष :
उघडकाल वाढविणे म्हणजे मंद गतीची शक्ती देऊन उच्च गतीची शक्ती घेणे होय. १९८९ मध्ये होंडाने व्हीटेक रचनेद्वारे गतीनुसार कॅमचा उंचवटा बदलण्याची सोय केली, ती हीच देवघेव टाळण्यासाठी. म्हणून इंजिनाची योग्यता त्याच्या आवाजावरून न ठरविता, त्याला कोणत्या गतीस कोणते काम करावयाचे आहे यावरून ठरवावी. विज्ञानाच्या अध्यापकांना हा विषय संवेग, दाब व ज्वलन यांची सांगड घालून शिकविता येईल. वाहनतळावरील धडधड हेच त्याचे हाताशी असलेले उदाहरण ठरेल.