पिरनवाडीहून पलाशिकेस

आमच्या पिरनवाडीच्या चौकात बेळगावकडून येणाऱ्या रस्त्यास दोन वाटा फुटतात. उजव्या हाताची जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. सरळ जाणारी मच्छे गावावरून खानापूर गाठते. ह्या दुसऱ्या वाटेने आम्ही चाळीस वर्षे ये-जा केली. आमचे वडील बैलगाडीने जात, आम्ही प्रथम लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून व पुढे स्वतःच्या मोटारीने जाऊ लागलो. परंतु प्रवासाचे कारण एकच, भाताची खरेदी. नंदगडास इंटानचा भाव काय निघाला, पोत्यात ओल किती, दाणा भरला की पोचट राहिला, ह्यापलीकडे त्या मुलखाकडे आम्ही कधी पाहिलेच नाही. नंदगडापासून दोन तासांच्या चालीवर हलशी आहे, आणि ही हलशी म्हणजेच कदंब राजांची पलाशिका, हे आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षी नातीच्या महाविद्यालयातील पुस्तकावरून कळले.

हलशी गावाबाहेर नंदगडच्या वाटेवर चक्रतीर्थ नावाची एक लहानशी विहीर आहे. तिच्या जवळच्या टेकाडात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात सात ताम्रपट सापडले व फ्लीट साहेबांनी ते वाचून प्रसिद्ध केले. सर्व दाने जैन धर्मासाठी दिलेली आहेत. पहिले दान काकुस्थवर्मा राजाचे. श्रुतकीर्ती नावाच्या जैन सेनापतीने राजाचे रक्षण केले, त्याबद्दल त्यास खेट गावातील शेत मिळाले. पुढे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात मृगेशवर्म्याने आपल्या दिवंगत पित्याच्या भक्तीस्तव पलाशिकेत जिनालय बांधविले आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक अशा तिन्ही संघांस मिळून 33 निवर्तने जमीन दिली. एका संघास दिली व दुसऱ्यास वगळले असे त्याने केले नाही, हे आमच्या समाजातील आजच्या मंडळींनी सावकाश वाचावे.

त्याचा पुत्र रविवर्मा ह्याचा ताम्रपट मात्र आम्ही नातीकडून दोनदा वाचवून घेतला. पुरुखेटक गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेस जिनेंद्रांचा आठ दिवसांचा महोत्सव व्हावा आणि पावसाच्या चार महिन्यांत साधूंचा निर्वाह चालावा, अशी त्याची आज्ञा आहे. धान्याचा व्यापारी ह्या आज्ञेतील शहाणपण चटकन ओळखतो. पावसाळ्यात मुनी विहार करीत नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतकऱ्याची कणगी तळास जाते व बाजारात भाव चढतो. सुगीत दान देणे सोपे असते. राजाने श्रावण-भाद्रपदाची सोय गावाच्या उत्पन्नास बांधून ठेविली.

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. ह्या वाचनाच्या आधीच्या चातुर्मासात मुनिसंघाच्या आहारव्यवस्थेसाठी पेठेतील मंडळी आमच्या दुकानी आली होती. दरवर्षी चार पोती तांदूळ द्यावयाचा आमच्या वडिलांपासूनचा प्रघात. त्या वर्षी धंद्यास खोट बसली होती खरी. परंतु ती दोन पोत्यांनी भरून येणारी नव्हती. तरीही आम्ही दोनच दिली. मागणाऱ्यांत आमचे मेहुणे होते. ते काही बोलले नाहीत. पावती दोनाची केली व पुढच्या दुकानी गेले.

त्याच मेहुण्यांस आम्ही गतवर्षी कार्तिकातील अष्टाह्निकेत हलशीस चलण्याविषयी विचारले. वय त्र्याहत्तर, त्यात आठही दिवस एकाशन. तरी ते लगेच निघाले. अट एवढीच, की नंदगडापासून पुढे पायी जावयाचे.

मच्छे सोडल्यावर डाव्या हातास राजहंसगड दिसू लागतो. 2023 साली गडावर शिवछत्रपतींचा भव्य पुतळा उभारला, तो दूरवरून ओळखू येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांस कापणी चालली होती. आमच्या भागातील जुन्या बासमतीचा वास आता क्वचितच येतो. त्याविषयी लिहू लागलो तर हा लेख संपणार नाही. खानापुरास मलप्रभा ओलांडली. कौलांच्या व मडक्यांच्या तांबड्या मातीचा हा गाव मागे टाकून नंदगडास पोचलो.

नंदगडास रायण्णांच्या समाधीवरील वडाजवळ मोटार उभी केली. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा हा शूर सैनिक. इंग्रजांनी त्यास 26 जानेवारी 1831 रोजी ह्याच गावी फाशी दिले. त्याच्याच पुतळ्यावरून ऑगस्ट 2020 मध्ये आमच्या पिरनवाडीच्या चौकात मराठी-कानडी कटुता माजली होती, व वडीलधाऱ्यांनी बसून ती मिटविली. चौकास शिवरायांचे नाव राहिले आणि रायण्णांचा पुतळाही राहिला. वडाखाली मराठी व कानडी दोन्ही बोलणारी माणसे हात जोडून जात होती. मेहुण्यांनीही जोडले.

पुढे डांबरी सडक सोडून शेतातील जवळची वाट धरण्याची बुद्धी आम्हांस झाली. बांधाबांधाने तास-दीड तास भरकटलो. शेवटी एका कापणीवाल्या बाईने वाट दाखविली, तेव्हा दुपार कलली होती. हलशीत शिरताच भूवराह-नरसिंहाचे देवालय दृष्टीस पडते. 1169 च्या सुमारास गोव्याच्या कदंबांनी उभारलेले. पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले शिखर आणि आत समोरासमोर दोन गाभारे, असे देवालय आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. परंतु आमचे मन चक्रतीर्थावर होते. गावात पडकी जैन बस्ती दाखविली. मृगेशवर्म्याच्या काळचा दगड त्यात कोणता, हे सांगणारे कोणी भेटले नाही. मेहुण्यांनी तेथे उभ्या उभ्या णमोकार म्हटला. मग विहिरीच्या काठी बसून ते एकदम म्हणाले, “दाजी, तुमची दोन पोती कुठे राहिली?”

आम्ही उत्तर शोधीत पिशवीसाठी हात मागे केला, आणि पिशवी नव्हती. दशम्या, चटणी, गाळलेले पाणी सर्व मोटारीत नंदगडास राहिले होते. मेहुणे बाहेरचे अन्न घेत नाहीत. सूर्य मावळला की एकाशन चुकले, पुढे दुसऱ्या दिवसापर्यंत निराहार. चालत परत गेलो असतो तर अंधार पडला असता. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसास आम्ही आमच्या विसराळूपणाने उपवास घडवीत होतो, आणि ते स्वस्थ बसून होते.

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्तीच्या शिलालेखाची आठवण आम्हांस त्या घटकेस का व्हावी, कळत नाही. ती बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य ह्याचा मंत्री बीचिराज ह्याने 1204 साली बांधली; लेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वेणुग्रामातील व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर बस्तीसाठी लाग बांधून दिला, असे त्यात आहे. तो प्रत्येक मालाचा बांधून दिलेला लाग होता, वर्ष कसे गेले ते पाहून द्यावयाची वर्गणी नव्हती.

इतक्यात भाताची पोती घातलेला एक ट्रॅक्टर नंदगडकडे निघालेला दिसला. हात केला. चालविणाऱ्याने आम्हांस ओळखले. त्याचे वडील आमच्या दुकानी माल घालीत असत. म्हणाला, “काय शेठजी, चाळीस वरसं आमचं भात नेतासा, गाव आज बघितलासा होय?” आम्ही काही न बोलता मेहुण्यांस हात देऊन पोत्यांवर बसविले व शेजारी बसलो.

वडाशी पोचलो तेव्हा सूर्य हातभर उरला होता. मेहुणे हातपाय धुऊन जेवावयास बसले. जेवताना त्यांचे मौन असते. ट्रॅक्टरवाल्याने एका पोत्याची शिवण उसवून मूठभर इंटान आमच्या हातावर ठेविले. दाणा दाताखाली धरून पाहिला. भरलेला होता, पण ओल होती. “अजून दोन उन्हे द्या,” आम्ही सांगितले, “आणि पिरनवाडीस आणून टाका.”

किती, असे त्याने विचारले. आम्ही मेहुण्यांकडे पाहिले. त्यांनी घास खाली ठेवून चार बोटे वर केली.