लासलगाव : रुळांकाठची बाजारपेठ

श्रोतेहो, मुंबईहून निघालेली गाडी नाशिक रोड सोडून पुढे सरकली म्हणजे ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव अशी लहान लहान स्थानके मागे टाकीत मनमाडची वाट धरते. ह्याच ओळीत, मुंबईपासून सुमारे २३५ किलोमीटरांवर, लासलगाव लागते. वेगाने जाणाऱ्या गाडीतील उतारूस फलाटावरील पाटी क्षणभर दिसते न दिसते तोच गाव मागे पडते. परंतु त्या उतारूच्या घरी आज जो कांदा चिरला जाईल, त्याच्या भावाची चर्चा सकाळी ह्याच गावी झालेली असण्याचा संभव पुष्कळ आहे. एवढेसे गाव एवढ्या योग्यतेस कसे चढले, आणि ह्या गावचे लोक म्हणावयाचे ते कोणते, ह्या दोन प्रश्नांचा आज आपण विचार करू.

रेल्वे येण्यापूर्वी ह्या मुलखात मान होता तो आसपासच्या दुसऱ्या गावांना. जवळचे विंचूर हे पानिपतच्या रणांगणावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याचे जहागिरीचे ठाणे. उत्तरेस चांदवड, तेथे होळकरांचा रंगमहाल. पूर्वेस येवले, पैठणीच्या मागांचे गाव. होळकरशाहीची आठवण सांगणारा एक लहानसा भुईकोट लासलगावीही आहे. १८१८ साली राज्य पालटले, तरी मालाची ने-आण मात्र बैलाच्या पाठीवरून आणि गाड्यांतूनच होत राहिली. सह्याद्रीचा घाट उतरून मुंबई गाठणे म्हणजे कित्येक दिवसांचे काम. अशा वेळी नाशवंत माल दूर धाडण्याचे धाडस कोण करणार?

मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढील काही वर्षांत जी. आय. पी. कंपनीचे रूळ निफाडच्या काळ्या जमिनीतून खानदेशाकडे गेले. मध्ये अडसर होता तो थळ घाटाचा. कसाऱ्याहून इगतपुरीस चढणारा हा मार्ग १८६५ साली खुला झाला आणि मुंबई बंदर ह्या गावास सलग जोडले गेले. रूळ ज्या गावावरून गेले त्याचे भाग्य उघडले. ज्यास वगळून गेले ते मागे राहिले. जहागीरदारांचे विंचूर आज लासलगाव बाजार समितीचा एक उपबाजार आहे, ह्याहून अधिक काय सांगावे?

ह्याच सुमारास अमेरिकेतही असाच चमत्कार घडत होता. इलिनॉय सेंट्रल कंपनीस १८५० च्या कायद्यान्वये सरकारी जमिनी मिळाल्या आणि तिने ओसाड माळावर रूळ टाकले. स्थानक आधी, गाव मागाहून, असा तेथील क्रम. आपल्याकडे गाव जुने, स्थानक नवे. तथापि दोन्हीकडे परिणाम एकच झाला. धान्याची कोठारे स्थानकाशेजारी उभी राहिली आणि गावाचे तोंड रुळांकडे वळले.

परंतु केवळ रुळांनी बाजार होत नाही. माल आणणारा कुणबी आणि घेणारा व्यापारी ह्यांच्यामध्ये विश्वास लागतो. मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांविषयीचा कायदा १९३९ साली झाला, आणि १ एप्रिल १९४७ रोजी लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. उघडा लिलाव आणि खरे माप ही तिची दोन तत्त्वे. वाहने ओळीने उभी राहतात. व्यापारी येतात, ढिगात हात घालून कांदा पाहतात, बोली चढते आणि भाव ठरतो. मग वाहन भुईकाट्यावर जाते व तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिते होते. कांद्याची ही पेठ आशिया खंडात सर्वांत मोठी म्हणून ओळखली जाते.

आता लोकसंख्येचा प्रश्न. जनगणनेचा अधिकारी रात्री गावात राहणारी माणसे मोजतो. त्यांत जुनी शेतकरी घराणी आली, रेल्वेमागून आलेले मारवाडी-गुजराथी व्यापारी आले, हमाल, मापारी आणि रेल्वेचे नोकर आले. पण पहाटे चाळीतला कांदा भरून निघणारा निफाड, येवले, चांदवडकडचा शेतकरी, आणि खळ्यावर दिवसभर बसून कांद्याची प्रतवारी करणाऱ्या आसपासच्या खेड्यांतील स्त्रिया, ह्यांना त्या आकड्यात जागा नाही. ह्या माणसांवाचून लासलगाव एक दिवसही चालणार नाही. संध्याकाळी ती घरोघर परततात आणि गाव पुन्हा लहान होते.

ह्या येणाऱ्यांचे सुखदुःख एका बोलीवर टांगलेले असते. कांदा सांभाळला तर काही महिने टिकतो, पुढे त्यास मोड फुटतात. भाव पटला नाही तर माल परत नेता येतो खरा; पण गाडीभाडे अंगावर पडते. नोव्हेंबर १९८० मध्ये ह्याच जिल्ह्यात कांदा व उसाच्या रास्त भावासाठी शेतकरी रस्त्यांवर आणि रुळांवर उतरले होते. पुढे ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. शहरातील गृहिणीस स्वस्त कांदा हवा, पिकविणाऱ्यास खर्च निघावयास हवा; दोघांचेही म्हणणे खरे, आणि त्यांची गाठ लासलगावी पडते.

मोड फुटण्यावर उपाय म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने येथे ‘कृषक’ नावाचे किरणोत्सारी प्रक्रियेचे केंद्र उभारले. २००७ साली अमेरिकेस गेलेला आपला आंबा तेथूनच प्रक्रिया होऊन गेला, ही गोष्ट कौतुकाची आहे.

मालमोटारी आल्यावर रुळांचे महत्त्व ओसरले. मुंबई-आग्रा रस्त्यावरील पिंपळगाव बसवंत हे तुल्यबळ प्रतिस्पर्धी झाले. अमेरिकेतील अनेक रेल्वे-गावे अशा वेळी ओस पडली. लासलगाव टिकले, कारण तेथे मालाबरोबर माणसांची सवय आणि विश्वासही साठला होता. शिवाय रूळही अगदीच विसरले गेले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये १,६०० टन कांदा येथून आगगाडीने दिल्लीस गेला.

श्रोतेहो, गाव रुळांमुळे वाढते, पण टिकते ते मापाच्या खरेपणावर. पुढे कधी लासलगावची पाटी खिडकीतून दिसली, तर त्या गावच्या लोकांत पहाटे वाहन जुंपून आलेल्या त्या पाहुण्यासही मोजावे, एवढीच विनंती.