गाण्यात न मावलेले डोहाळे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. नवा-जुना कोणताही शब्द भेटला की तो आधी त्याचे कुळगोत्र विचारतो. ‘डोहाळे’ हा शब्द तर मुद्दाम कुळगोत्र विचारावे असाच आहे. संस्कृतातल्या ‘दोहद’चे प्राकृतात ‘दोहल’ झाले आणि मराठीने त्याला आपल्या घरचा डोहाळा करून घेतले. आयुर्वेदाने गर्भवतीला दोन हृदयांची म्हटले. एक तिचे स्वतःचे, दुसरे पोटातल्या जिवाचे. त्या दुसऱ्या हृदयाची इच्छा तिच्या तोंडून बोलते, ते डोहाळे! कल्पना इतकी गोड की कवींनी ती हातची सोडली नाही. कालिदासाची सुदक्षिणा राणी माती खाते आणि दिलीप राजाला त्याचेही कौतुक वाटते. भवभूतीच्या सीतेला पुन्हा एकदा अरण्य पाहावेसे वाटते आणि नेमकी तीच इच्छा तिच्या त्यागाला निमित्त होते. आमच्या आज्या-पणज्यांनी तर महिन्यागणिक डोहाळे मोजणारी गाणीच रचली. त्यात चिंचा-आवळे आहेत, झोपाळा आहे, चांदणे आहे, हिरवी साडी आणि फुलांची वाडी आहे.

हे सारे खरे आणि सुंदर आहे. परंतु ते अर्धेच आहे.

उरलेले अर्धे चरकाने लिहून ठेवले आहे. ‘चरकसंहिते’च्या शारीरस्थानात गर्भ राहिल्याची लक्षणे दिली आहेत. आंबट खाण्याची इच्छा त्यात आहेच. पण तिच्याआधी तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरची वासना उडणे, उलटी आणि अरुची ही लक्षणे येतात. वैद्याने दोन्ही बाजू एकाच यादीत मांडल्या. पुढे गाणी आली आणि त्यांनी आंबट तेवढे उचलले! नाही म्हणायला एखाद्या गाण्यात अन्नाचा वीट आल्याचा उल्लेख येतो. पण तो ओळीपुरता. पुढच्या कडव्यात पुन्हा चिंचा-बोरे हजर.

बोलभाषा मात्र गाण्यापेक्षा प्रामाणिक. “तिचे डोहाळे फार कडक आहेत हो” असे बायका हळूच म्हणतात, तेव्हा त्यांना चिंचा-आवळे अभिप्रेत नसतात. मळमळ, कोरडे उमासे आणि पाण्याचा घोटही न ठरणे, हा त्याचा अर्थ. या ‘कडक डोहाळ्यां’विषयीच मला आज लिहायचे आहे.

पित्त नावाचे पांघरूण

गर्भवतींपैकी सुमारे ७० ते ८० टक्के स्त्रियांना मळमळीचा किंवा उलट्यांचा त्रास होतो. साधारण सहाव्या आठवड्याच्या आगेमागे तो सुरू होतो, नवव्याच्या सुमारास कळस गाठतो आणि बहुतेकींच्या बाबतीत बारा ते सोळा आठवड्यांत ओसरतो. काहींचा मात्र विसाव्या आठवड्यापर्यंत आणि क्वचित त्याहूनही लांबतो. इंग्रजांनी याला ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणून ठेवले. पण हा पाहुणा सकाळी येऊन दुपारी निघून जाणारा नव्हे. तो पुष्कळदा दिवसभर मुक्काम ठोकतो.

आता आपल्या रीतींचे वेळापत्रक या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. तीन महिने पुरे होईपर्यंत बातमी बाहेर फोडायची नाही, हा आपला संकेत. डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात. म्हणजे जेव्हा ती सर्वांत आजारी असते तेव्हा कुणाला कळू द्यायचे नाही, आणि जेव्हा तिची तब्येत सुधारून चेहऱ्यावर तेज येते तेव्हा पाचपक्वान्नांचे ताट पुढे ठेवायचे! संकेतामागची भीती मी समजू शकते. गर्भ गळण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांतच अधिक असतो. परंतु या गुप्ततेची किंमत एकटी तीच मोजते, हेही तितकेच खरे.

माझ्या थोरल्याच्या वेळी मी डोंबिवलीहून सकाळच्या गाडीने दादरला कॉलेजात जात असे. पहिला तास सात-वीसचा. डब्यात कुणाच्या तरी वेणीत मोगऱ्याचा गजरा असायचा. मोगरा माझ्या आवडीचा. पण त्या दिवसांत तो वास आला की पोटातून उमाळा यायचा आणि मी दाराशी जाऊन उभी राहायची. पर्समध्ये पुस्तकांबरोबर प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या असत. वर्गात शिकवता शिकवता बाहेर धावावे लागले की परतल्यावर सांगायची, “काही नाही, पित्त झालंय.” स्टाफरूममध्येही तेच. पुढे कळले की आमच्या तिथल्या निम्म्या जणींनी आपापल्या वेळी याच पित्ताचा आधार घेतला होता. आपल्याकडे गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीचे टोपणनाव ‘पित्त’ असेच आहे म्हणा ना!

आधी ‘नको’ ऐका

माझ्या सासूबाई फार शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी मला उपदेश केला नाही की “आमच्या वेळी” ने सुरू होणारी हकिगत सांगितली नाही. एवढेच म्हणाल्या, “काय नको वाटतं ते आधी सांग. काय हवं ते मग बघू.” मी सांगितले : फोडणीचा वास नको आणि भात शिजतानाची वाफ नको. दुसऱ्या दिवसापासून फोडण्या मी घराबाहेर असताना होऊ लागल्या. स्वयंपाकघराचे दार लोटलेले आणि खिडकी सताड उघडी. रात्री माझ्यापुरता गार दहीभात नाहीतर आमसुलाचे सार. माझ्या उशाशी ज्वारीच्या लाह्यांचा डबा आला आणि सकाळी चार लाह्या तोंडात टाकून, पंधरा-वीस मिनिटे पडून राहून मगच उठायचे, असा दंडक झाला.

आज डॉक्टरही जवळजवळ हेच सांगतात. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. म्हणून दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा दर दोन-अडीच तासांनी चार घास खावेत. उठण्यापूर्वी अंथरुणातच काहीतरी कोरडे खावे : चुरमुरे, लाह्या, खाकरा, टोस्ट, कोरडी भाकरी; ज्याला जे रुचेल ते. तळलेले, तेलकट, फार मसालेदार टाळावे. गरम अन्नाला वास जास्त, गार अन्नाला कमी. म्हणून गार पदार्थ पुष्कळदा पोटात ठरतात. पाणी जेवणाबरोबर गटागटा न पिता मधूनमधून घोटघोट घ्यावे. आल्याचा उपयोग काही जणींना होतो, हे प्रयोगांतही दिसले आहे. लोहाच्या गोळ्यांनी मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. ते त्या काही आठवडे पुढे ढकलू शकतात. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आणि “दोन जिवांची आहेस, दोघांचं खा” हा आग्रह या दिवसांत तरी कुणी करू नये. बाराव्या आठवड्याच्या अखेरीसही गर्भ जेमतेम ५-६ सेंटीमीटर लांबीचा असतो. त्याची भूक ती केवढी! साध्या मळमळीने बाळाला अपाय होत नाही. उलट, जिला मळमळ होते तिचा गर्भ गळण्याची शक्यता थोडी कमी असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. मात्र जिला काहीच त्रास होत नाही तिने यावरून काळजीत पडू नये. कितीतरी जणी उमासा न येता ठणठणीत बाळंत होतात.

जेव्हा ते ‘सगळ्यांनाच होतं’ नसते

येथवर झाली ती चारचौघींची गोष्ट. पण शंभरांत एक ते तीन जणींच्या वाट्याला याचे उग्र रूप येते. वैद्यकात त्याला ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम’ असे जडजंबाल नाव आहे.

माझी एक भाची पुण्यात नोकरी करते. तिला सातव्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. सासर प्रेमळ, घरात कशाची वाण नाही, पण जो तो एकच म्हणे, “सगळ्यांनाच होतं गं!” जवळच्या एका डॉक्टरांनीही तेच हसून सांगितले. दहा दिवसांत तिचे वजन चार किलोने उतरले. लघवी दिवसातून एकदा, तीही गडद पिवळी. माझी बहीण भेटायला गेली तेव्हा पोरीला भिंतीचा आधार घेतल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येत नव्हते. तिने एक शब्द न बोलता रिक्षा बोलावली. इस्पितळात सलाईन लागले, ब-१ जीवनसत्त्व दिले गेले, उलटी थांबवण्याचे औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पोरीने अर्धी वाटी पेज पोटात ठेवली, तेव्हा बहीण फोनवर रडली. आता ती भाचीची मुलगी दोन वर्षांची आहे.

म्हणून ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाने, पुरुषांनीसुद्धा, पाठ करावीत : चोवीस तास काहीच, अगदी पाणीही, पोटात न ठरणे, आठ-आठ तास लघवी न होणे किंवा ती फार गडद होणे, उभे राहताच भोवळ येणे, वजन झपाट्याने उतरणे, उलटीत रक्त दिसणे, ताप किंवा पोटात दुखणे. यातले एक जरी दिसले तरी लाह्या-आल्याची वेळ संपली, डॉक्टरांची आली असे समजावे. आणि एक डॉक्टर हसले तर दुसऱ्यांकडे जावे.

औषधाची भीती आणि तिचे कारण

“गर्भारपणात औषध नको गं बाई!” असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी वेडगळ ठरवणार नाही. त्या भीतीला इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ‘थॅलिडोमाइड’ नावाचे झोपेचे औषध बाजारात आले. ते अगदी निर्धोक असल्याची जाहिरात झाली आणि गर्भवतींना मळमळीवरही ते दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेईपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बालके हातापायांची वाढ खुंटलेली किंवा अन्य व्यंगे घेऊन जन्मली होती. अमेरिकेत मात्र सरकारी औषध खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी या बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली. कंपनीने तगादा लावला. बाई बधल्या नाहीत. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा गौरव केला. आजही नव्या औषधांची जी कडक पारख होते, तिच्यामागे ही शोकांतिका आहे.

पण भीतीचेही दुसरे टोक असते. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांचे मिश्रण अमेरिकेत १९५६ पासून मळमळीवर दिले जात होते. त्याच्यावर खटल्यांची सरबत्ती झाली आणि १९८३ साली उत्पादकांनी ते बाजारातून काढले. दोष सिद्ध झाला नव्हता. पुढे पुष्कळ तपासण्या होऊन २०१३ साली त्याच मिश्रणाला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. मधल्या तीस वर्षांत तिथल्या स्त्रियांना हे साधे औषध तयार गोळीच्या रूपात मिळालेच नाही! आपल्याकडेही डॉक्टर हे मिश्रण देतात. तात्पर्य एवढेच, की आपल्या मनाने गोळी घेऊ नये आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेली गोळी भीतीने टाकूही नये.

नखरे नव्हेत, रसायन आहे

औषधाच्या भीतीइतकीच एक जुनी निंदाही स्त्रियांच्या मागे लागली आहे. विसाव्या शतकात काही मानसशास्त्रज्ञांनी असे मांडले, की फार उलट्या होणाऱ्या स्त्रीला मनातून मूल नकोच असते. आपल्याकडे याची सोपी आवृत्ती म्हणजे “हल्लीच्या मुलींचे नखरे!”

या निंदेला उत्तर मिळाले ते २०२३ च्या डिसेंबरात. मार्लेना फेझो आणि स्टीफन ओराहिली यांच्या गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात आपले संशोधन प्रसिद्ध केले. गर्भ आणि वार यांच्याकडून ‘जीडीएफ-१५’ नावाचा एक संप्रेरक आईच्या रक्तात येतो आणि मेंदूच्या मागच्या भागात जाऊन मळमळ उठवतो. गर्भारपणापूर्वी जिच्या रक्तात तो फार कमी असतो, तिला ही अचानक आलेली भरती सोसत नाही. जिला त्याची आधीपासून सवय असते, तिला त्रास कमी. थॅलसेमियाच्या काही रुग्ण स्त्रियांच्या रक्तात हा संप्रेरक कायम भरपूर असतो, आणि त्यांना गर्भारपणात मळमळ फारशी होत नाही असे दिसले. फेझोबाईंनी हा विषय का घेतला असेल? १९९९ साली त्यांना स्वतःला हाच आजार झाला, त्यांचे म्हणणे डॉक्टरांनी मनावर घेतले नाही आणि त्यांचे बाळ पोटातच गेले.

म्हणजे आयुर्वेदाची ‘दोन हृदये’ अगदीच कविकल्पना नव्हती म्हणायची! आत दुसरा जीव आहे आणि तो आईशी बोलतो, हे खरेच. फक्त पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो चिंचा मागत नाही, आईला ढवळून काढतो.

डोहाळे पुरवायचे तर

आपल्याकडे डोहाळे अपुरे ठेवू नयेत असे मानतात. मग या पहिल्या डोहाळ्यांनाही तोच न्याय लावा. बातमी साऱ्या गावाला सांगू नका. पण घरात दोघांना आणि कामाच्या ठिकाणी एका विश्वासू व्यक्तीला जरूर सांगा. गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, डॉक्टरांच्या दाखल्यावर, बाळंतपणाच्या रजेखेरीज आणखी महिनाभरापर्यंत पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्वलाभ कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. कितीतरी नोकरदार मुलींना हे ठाऊकच नसते. नवऱ्याने कढई स्वतःकडे घ्यावी; दोन महिने पिठले बिघडले म्हणून कुणाचे काही अडत नाही. आणि भेटायला येणाऱ्या आत्याबाईंनी उलट्यांवरून मुलगा की मुलगी हे भाकीत करण्याऐवजी तिला तासभर झोपू द्यावे.

सातव्या महिन्यात गाणी म्हणायला आपण सगळ्या जमूच. तोवर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कुणीतरी एकाने तिच्या उशाशी लाह्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या ठेवावा, आणि ती “नको” म्हणाली की का म्हणून विचारू नये.