अमेरिकेच्या राज्य-तुरुंगांतील औषधपाण्याचा खर्च

श्रोतेहो, घरांत दुखणें आलें म्हणजे पहिला विचार दुखणाइताचा आणि दुसरा पैशाचा, हा क्रम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. डॉक्टर कोणता बोलवावा, औषध आजच आणावें कीं चार दिवस वाट पाहावी, हें आपण ऐपतीप्रमाणें ठरवितों. परंतु ज्याला दाराबाहेर पाऊल टाकण्याचीच मोकळीक नाहीं व ज्याच्या गांठीला पैसा नाहीं, त्या कैद्यानें काय करावें? त्याचें दुखणें कोणीं पाहावें आणि त्याचें बिल कोणीं भरावें? अमेरिकेंतील राज्य सरकारांना हा प्रश्न गेलीं पन्नासएक वर्षें छळीत आहे. त्याचीं उत्तरें शोधतांना तेथें जे प्रयोग झाले, त्यांतले कांहीं फसले आणि कांहीं साधले. आज त्यांचीच हकीकत सांगावयाची आहे.

अमेरिकेंत तुरुंग मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. खटला चालू असलेल्यांना व थोड्या मुदतीची शिक्षा झालेल्यांना ठेवण्याचे स्थानिक तुरुंग, संघराज्याचे तुरुंग, आणि लांब मुदतीच्या कैद्यांचे राज्य सरकारांचे तुरुंग. यांपैकीं तिसऱ्यांतच कैद्यांची संख्या सर्वांत मोठी असून त्यांचा भार त्या त्या राज्याच्या तिजोरीवर पडतो. २०१५ च्या आर्थिक वर्षांत ४९ राज्यांनीं मिळून कैद्यांच्या आरोग्यावर सुमारें ८१० कोटी डॉलर खर्च केले. दर कैद्यामागें लुइझियाना राज्याचा खर्च २,१७३ डॉलर होता, तर कॅलिफोर्नियाचा १९,७९६. म्हणजे जवळजवळ नऊपट. आतां कॅलिफोर्निया उधळें आणि लुइझियाना काटकसरी, असें म्हणावें काय? इतक्या घाईनें निर्णय देऊं नये. खर्चाचा आंकडा लहान असला म्हणजे कारभार चांगला, असें नेहमींच नसतें.

मुळांत हा खर्च सरकारवर येतो तरी कां? त्याचें उत्तर एका कापसाच्या गासडींत आहे. १९७३ सालीं टेक्सास राज्याच्या तुरुंगांत मालमोटारींतून गासड्या उतरवीत असतां गँबल नांवाच्या कैद्याच्या अंगावर एक गासडी पडली आणि त्याची पाठ दुखावली. आपल्या दुखण्याकडे नीट लक्ष दिलें जात नाहीं, अशी तक्रार त्यानें स्वतःच्या हातानें लिहून न्यायालयांत गुदरली. ती चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७६ मध्यें न्यायमूर्ति थरगुड मार्शल यांनीं लिहिलेल्या निकालानें असें ठरलें कीं, कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणें ही क्रूर शिक्षा होय, आणि अशा शिक्षेला घटनेच्या आठव्या दुरुस्तीची मनाई आहे. नवल असें कीं, डॉक्टरांनीं गँबलला तीन महिन्यांत सतरा वेळां तपासलें होतें, म्हणून डॉक्टरांवरील त्याचा स्वतःचा दावा टिकला नाहीं; परंतु त्याच्यामागून आलेल्या लाखों कैद्यांना हक्क मिळाला. यामागचा युक्तिवाद साधा आहे. ज्याला आपण कोंडून ठेविलें, त्याला स्वतःचा डॉक्टर शोधतां येत नाहीं. सबब तो शोधण्याची जबाबदारी कोंडणाऱ्याची.

ही जबाबदारी महागहि आहे. कैदी येतात तेच बहुधा दारिद्र्यांतून, व्यसनांतून, मनाचे विकार व यकृताचे रोग बरोबर घेऊन. शिवाय शिक्षा लांबल्या, आणि माणसें तुरुंगांतच म्हातारीं होऊं लागलीं. १९९३ मध्यें राज्य-तुरुंगांतील शंभरांत तीन कैदी ५५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. २०१३ मध्यें हें प्रमाण शंभरांत दहावर गेलें. त्यांत कैद्याला बाहेरच्या इस्पितळांत न्यावयाचें म्हणजे डॉक्टरच्या फीबरोबर गाडी आणि खाटेशीं रात्रंदिवस बसणारे पहारेकरी, यांचाहि खर्च आला.

हा खर्च आटोक्यांत आणण्याचा पहिला उपाय कोणासही सुचेल असा होता. कैद्याकडूनच थोडी फी घ्यावी! अनेक राज्यांनीं दर भेटीस २ ते ५ डॉलर आकारण्यास प्रारंभ केला. फी लहान दिसते खरी. परंतु पुष्कळ राज्यांत कैद्याची मजुरी तासाला कांहीं सेंट इतकीच असते. टेक्सासमध्यें तर बहुतेक कैद्यांना मजुरीच मिळत नाहीं, आणि तेथेंच २०११ मध्यें, स्वतः होऊन डॉक्टरकडे जाणाऱ्या कैद्यावर वर्षाला १०० डॉलर फी बसविण्यांत आली. २०१९ मध्यें ती बदलून भेटीमागें १३.५५ डॉलर केली. पैसे नाहींत म्हणून उपचार नाकारूं नये, तांतडीच्या दुखण्याला फी नसावी, अशा सवलती नियमांत आहेत, हें सांगणें न्यायाचें होईल. तरीहि ती रक्कम घरून आईबायकोनें पाठविलेल्या पैशांतून वळती होते, आणि कैदी दुखणें अंगावर काढतो.

येथें मला माझी स्वतःची एक चूक आठवते. शिक्षकी पेशांत असतांना कांहीं वर्षें मी वसतिगृहाचा अधीक्षकहि होतों. मुलें खोटीं दुखणीं सांगून तास बुडवितात अशी माझी समजूत झाली, आणि डॉक्टरकडे जाण्याच्या प्रत्येक चिठ्ठीमागें दोन रुपये घेण्याचा नियम मीं केला. चिठ्ठ्या निम्म्यावर आल्या, आणि मीं स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्याच पावसाळ्यांत एका मुलाला खरूज झाली. दोन रुपये वांचवावे म्हणून त्यानें ती लपविली. पंधरवड्यांत ती खोलीभर झाली आणि महिन्याभरांत साऱ्या वसतिगृहांत. एका मलमाच्या नळीनें भागलें असतें, तेथें सर्व मुलांचीं औषधें, अंथरुणें उकळणें आणि पालकांचे रोष, इतकें पदरांत पडलें. मी त्या मुलाला रागें भरलों. दोष माझ्या नियमाचा होता, हें कबूल करावयास मला पुष्कळ दिवस लागले.

तुरुंगांतहि माणसें एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर राहतात. २०२० मध्यें करोनाची साथ आली तेव्हां अनेक राज्यांनीं ही फी घाईघाईनें तहकूब केली, यावरून तिच्यांतील धोका त्यांनाहि ठाऊक होता असें दिसतें. कॅलिफोर्नियानें २०१९ मध्यें आपली ५ डॉलरची फी रद्द केली.

दुसरा उपाय कंत्राटाचा. दर कैद्यामागें ठराविक रक्कम घ्या आणि सारें औषधपाणी तुम्हीच पाहा, असा करार खासगी कंपनीशीं करावयाचा. यांत सरकारला खर्चाचा अंदाज आधींच कळतो, हा खरा लाभ आहे. परंतु रक्कम ठरलेली असली म्हणजे जो उपचार दिला नाहीं तो कंपनीचा नफा ठरतो. देखरेख कडक नसली तर हा मोह आवरणें कठीण. ॲरिझोना राज्यानें २०१२ पासून हा मार्ग धरला. २०२२ मध्यें संघीय न्यायालयानें तेथील तुरुंगांतील वैद्यकीय व्यवस्था घटनेचा भंग करणारी आहे असा निकाल दिला. काम कंत्राटानें देतां येतें. जबाबदारी देतां येत नाहीं.

दुर्लक्षाचें बिल कसें येतें, याचा सर्वांत मोठा धडा कॅलिफोर्नियाचा. तेथें केवळ उपचारांच्या हयगयीमुळें दर सहा-सात दिवसांनीं एक कैदी विनाकारण मरत होता, असें न्यायालयाला आढळून आलें. २००६ मध्यें संघीय न्यायाधीशांनीं तुरुंगांचें वैद्यकीय खातें राज्याच्या हातून काढून एका प्रशासकाकडे सोंपविलें. २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, दुपटीच्या जवळपास भरलेल्या तुरुंगांतील कैद्यांची संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खालीं आणण्याचा हुकूम कायम केला. दर कैद्यामागच्या त्या १९,७९६ डॉलरांत या जुन्या हयगयीच्या दुरुस्तीचा वांटा आहे. म्हणूनच मीं आरंभीं म्हटलें कीं, नुसत्या आंकड्यावरून निर्णय देऊं नये.

मग खरी काटकसर कोठें आहे? उपचार न तोडतां त्यांची जागा, त्यांची वेळ आणि त्यांचा भाव बदलण्यांत ती आहे. ज्या टेक्सासच्या फीवर मीं टीका केली, त्यानेंच १९९३ मध्यें एक शहाणपणाचा कायदा करून कैद्यांचें औषधपाणी राज्याच्याच दोन वैद्यकीय विद्यापीठांकडे सोंपविलें. टेलिमेडिसिनच्या सोयीमुळें दूरच्या तुरुंगांतील कैद्याला शहरांतला तज्ज्ञ पडद्यावरून तपासूं लागला, आणि गाडी, पहारेकरी व शेंकडों मैलांचा प्रवास वांचला. शिवाय, गोरगरिबांवर उपचार करणाऱ्या इस्पितळांना संघराज्याच्या १९९२ च्या कायद्यानें औषधें सवलतीच्या भावानें मिळतात. विद्यापीठाच्या इस्पितळामार्फत तो भाव कैद्यांच्या औषधांनाहि लागू झाला.

औषधांच्या भावाचें दुसरें उदाहरण लुइझियानाचें. हिपॅटायटिस-सी हा यकृताचा रोग तुरुंगांत फार आढळतो. २०१३ मध्यें त्यावर गुणकारी गोळी निघाली. परंतु एका गोळीची किंमत १,००० डॉलर, आणि बारा आठवड्यांच्या उपचाराची ८४,०००. त्या भावानें सर्व रोगी कैद्यांना औषध देणें राज्याच्या आवाक्याबाहेरचें होतें. २०१९ मध्यें लुइझियानानें औषध-कंपनीशीं पांच वर्षांचा करार केला. दर वर्षीं ठराविक रकमेपलीकडे पैसे द्यावयाचे नाहींत, आणि गरिबांच्या विमायोजनेंतील रोग्यांना व कैद्यांना लागेल तितकें औषध घ्यावयाचें. खानावळींत ताटागणिक पैसे न मोजतां महिन्याचा डबा ठरवावा, तसाच हा प्रकार. यांत जितके अधिक रोगी बरे करावे, तितका दर रोग्यामागें खर्च कमी पडतो. कंत्राटाच्या मोहाची दिशा येथें अगदीं उलट झाली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

गरिबांच्या ज्या विमायोजनेचा आतां उल्लेख केला, तिचें नांव मेडिकेड. १९६५ च्या मूळ कायद्याप्रमाणें ती कैद्यांचा खर्च देत नाहीं; मात्र कैदी बाहेरच्या इस्पितळांत दाखल होऊन राहिला, तर पात्र कैद्यापुरता तो खर्च तिच्यांतून मिळूं शकतो. २०२३ मध्यें कॅलिफोर्नियाला प्रथमच, सुटकेच्या आधींच्या ९० दिवसांतील कांहीं उपचारांसाठींहि हा पैसा वापरण्याची परवानगी मिळाली. सुटकेचीच वेळ इतकी महत्त्वाची कां? वॉशिंग्टन राज्यांतील सुटलेल्या कैद्यांचा एक अभ्यास २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरापट आढळला. आंत सुरूं झालेला उपचार फाटकाशीं तुटला, तर आंत केलेला खर्चहि मातीमोल होतो.

राहतां राहिला म्हाताऱ्या कैद्यांचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. लुइझियानाच्या अँगोला तुरुंगांत १९९८ पासून मरणोन्मुख कैद्यांसाठीं एक शुश्रूषागृह आहे. तेथें कैदीच कैद्यांच्या उशाशीं बसतात. परंतु जो खाटेवरून उठूं शकत नाहीं त्याच्यावर बंदुकीचा पहारा कशासाठीं, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. अशांना आजारपणामुळें मुदतीपूर्वीं सोडण्याचे कायदे बहुतेक राज्यांत आहेत. पण त्यांचा उपयोग फार थोड्यांना होतो. ज्यांचें माणूस त्या कैद्याच्या हातून मेलें, त्यांचें दुःख म्हातारें होत नाहीं, आणि त्यांची हरकत केवळ जमाखर्चाची वही दाखवून दूर सारतां येणार नाहीं. तथापि शिक्षा न्यायालयानें बंदिवासाची दिली होती, रोगाची नव्हे, हेंहि विसरतां कामा नये.

श्रोतेहो, खर्चाला आळा घालणें हें कोणत्याहि सरकारचें कर्तव्यच आहे. तो पैसा करदात्याच्या घामाचा असतो. प्रश्न एवढाच कीं, आळा कोठें घालावा. डॉक्टरच्या दाराशीं घातला तर रोग आंत राहतो आणि वाढतो. औषधाच्या भावाला, विनाकारण होणाऱ्या प्रवासाला आणि विनाकारण लांबलेल्या बंदिवासाला घातला, तर तिजोरीहि वांचते आणि माणूसहि. चिठ्ठीमागें दोन रुपये घेणाऱ्या त्या अधीक्षकाला हें त्या वेळीं कोणीं सांगितलें असतें, तर तीस-चाळीस मुलांची खाज वांचली असती.