वय सारखं, कान वेगळे

सत्तरीतले दोन सख्खे भाऊ. एकाला स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी दिवाणखान्यात ऐकू येते, दुसऱ्याला शेजारी बसून मारलेली हाक पोचत नाही. घरचे म्हणतात, वयोमान! पण वय तर दोघांचंही तेवढंच.

आतल्या कानात कॉक्लिया नावाची, शंखासारखी वेढे घेतलेली, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यात जन्मतः आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केशपेशी असतात. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी त्यांची जागा ठरलेली असते: तोंडाशी उंच स्वर, शेंड्याकडे खर्ज. तोंडाकडच्या पेशी आधी मरतात आणि मेलेली पेशी माणसात पुन्हा येत नाही. (कोंबडीत येते, आपल्यात नाही.) स, श, त, फ यांचा आवाज उंच आणि हलका, अ, आ, ओ यांचा खालचा आणि दणकट. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ ‘साठ’ म्हटलं काय आणि ‘आठ’ म्हटलं काय, त्यांना सारखंच. ओरडल्याने मुख्यतः स्वरच वाढतात, व्यंजनं नाहीत; वर घरात भांडण वाटतं ते वेगळंच.

पण प्रत्येकाच्या कानात हाच भाग झिजतो असं नाही. केशपेशींना लागणारा विद्युतदाब राखणारा एक पट्टा कॉक्लियाच्या भिंतीत असतो. तो दुबळा झाला की सगळेच आवाज सारखे मंदावतात. अशा माणसाला आवाज वाढवून दिला तर शब्द बऱ्यापैकी कळतात. तिसऱ्या प्रकारात पेशी शाबूत, पण त्यांना मेंदूशी जोडणारे मज्जातंतू कमी झालेले असतात. शांत खोलीतली तपासणी ठीक येते आणि लग्नाच्या हॉलमध्ये माणूस हरवून जातो. बहुतेकांत या तिन्हींची भेसळ असते, प्रत्येकाची वेगळी.

ही भेसळ ठरते कशी? बराच वाटा आनुवंशिकतेचा. त्यावर आयुष्यभराचा गोंगाट. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणं ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. आवाज तीनच डेसिबलनी वाढला तर वेळ निम्मी, म्हणजे चार तास. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांचा खडखडाट या मर्यादेच्या वर जातो, आणि पाळी आठ तासांत संपतेच असं नाही. मधुमेह आणि तंबाखूही हातभार लावतात. क्षयावर पूर्वी सर्रास दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं केशपेशी मारू शकतात. आईकडून आलेला एक विशिष्ट जनुकीय दोष असेल, तर थोड्या डोसांतही.

मग गोंगाटच नसेल तर? १९६० च्या सुमारास कानाचे डॉक्टर सॅम्युएल रोझेन यांनी तेव्हाच्या सुदानच्या शांत प्रदेशातल्या माबान लोकांचे कान तपासले. म्हातारेही उत्तम ऐकत होते. पण त्यांचा रक्तदाबही कमी होता, आहारही साधा. तेव्हा सगळं श्रेय शांततेला देणं घाईचं ठरेल.

‘वय झालं’ हे निदान मला आळशीपणाचं वाटतं. कानाच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा नुसत्या ‘टूं’ आवाजाच्या चाचणीवर थांबू नका. शब्द किती कळतात याचीही चाचणी करून मागा, आणि पूर्वी कोणती इंजेक्शनं घेतली, कुठे काम केलं, हे न विचारता सांगा.