बीएमडब्ल्यू एम५४ इंजिनातील तेलगळती

बीएमडब्ल्यू एम५४ इंजिनातील तेलगळती हा या इंजिनावर चालणाऱ्या जुन्या मोटारींमध्ये वारंवार आढळणारा बिघाड आहे. बहुतेक वेळा त्याचे कारण इंजिनाच्या मुख्य भागांची झीज हे नसून, धातूच्या दोन भागांमधील सांधा बंद ठेवणारी रबरी गॅस्केटे कडक होणे हे असते. गॅरेजच्या बोलीत गॅस्केटला 'पॅकिंग' असेही म्हणतात. सुटा भाग स्वस्त असला, तरी गळतीचा उगम चुकीचा ठरवल्यास दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो.

पार्श्वभूमी

एम५४ हे एका ओळीत सहा सिलिंडर असलेले पेट्रोल इंजिन जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २००० ते २००६ या काळात वापरले. ते २,१७१, २,४९४ आणि २,९७९ घन सेंमी अशा तीन क्षमतांमध्ये उपलब्ध होते. ३-मालिका (ई४६), ५-मालिका (ई३९) आणि एक्स५ (ई५३) या मोटारींमध्ये ते बसवले जाई. इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियमचा, तर वरचे झाकण प्लॅस्टिकचे आहे. ई४६ मोटारीत तेल व फिल्टर बदलताना सुमारे ६.५ लिटर तेल लागते.

कारणे

चालू इंजिनातील तेलाचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. इंजिन रोज तापते आणि थंड होते. वर्षानुवर्षे हे चक्र सोसल्याने रबराची लवचीकता नष्ट होते. गॅस्केट चपटे व ठिसूळ होते आणि सांध्यातून तेल पाझरू लागते. त्यामुळे कमी चाललेल्या, परंतु जुन्या मोटारीतही गळती होऊ शकते.

दुसरे कारण क्रँककेसमधील वायू बाहेर नेणाऱ्या यंत्रणेचे असते. थंड हवामानात पाणी व तेल यांचा पिवळसर साका तिच्या नळ्यांमध्ये साचतो. मार्ग तुंबला की आतील दाब वाढतो आणि तेल दुबळ्या सांध्यातून बाहेर ढकलले जाते. ही यंत्रणा न तपासता केवळ गॅस्केट बदलल्यास नवे गॅस्केटही लवकर गळू शकते.

गळतीची प्रमुख ठिकाणे

व्हॉल्व्ह कव्हर : हे इंजिनाचे वरचे झाकण होय. गॅरेजमध्ये यालाच 'टॅपेट कव्हर' म्हणतात. चालकाच्या आसनावरून पुढे पाहता त्याच्या उजव्या कडेखाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो. तेथे तेल पडल्यास ते जळते आणि त्याचा वास वायुवीजनातून मोटारीच्या आत येतो. स्पार्क प्लगच्या विवरांभोवतीचे गॅस्केट निकामी झाल्यास विवरांत तेल साचून इंजिन अडखळते.

तेल-फिल्टरचे घर : हे इंजिनाच्या पुढच्या डाव्या बाजूस असते. ठोकळा व घर यांमधील गॅस्केट गळल्यास तेल अल्टरनेटर आणि पट्ट्यापर्यंत पोहोचते. ई४६ मोटारीत पॉवर स्टिअरिंगच्या द्रवाची टाकीही जवळच असल्याने दोन गळत्यांची गल्लत होते. पॉवर स्टिअरिंगमधील द्रव मूळचा लालसर, तर वापरलेले इंजिन तेल तपकिरी किंवा काळे असते.

ऑइल पॅन : हे इंजिनाच्या तळाचे तेलपात्र होय. त्याचे गॅस्केट बदलण्यासाठी मोटारीची पुढची उपचौकट खाली घ्यावी लागते.

निदान

जमिनीवर थेंब जेथे पडतो, तेथेच गळतीचा उगम असतो असे नाही. तेल उतारावरून खाली ओघळते आणि धावत्या मोटारीतील वारा त्याला मागे नेतो. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागील कडेतून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीमागून उतरून गिअरबॉक्सच्या जोडापाशी ठिबकते. मग क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील गळत असल्याचा समज होतो. ते सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढे करूनही गळती तशीच राहते, कारण दोष वरच्या झाकणात असतो.

म्हणून प्रथम इंजिन धुऊन कोरडे केले जाते. नंतर मोटार थोडी चालवून वरून खालपर्यंत पाहणी केली जाते. ओल दिसणारी सर्वांत वरची जागा उगमाच्या सर्वाधिक जवळची असते. तरीही उलगडा न झाल्यास तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली माग काढतात.

दुरुस्ती

व्हॉल्व्ह कव्हरचे काम थंड इंजिनावर आणि बॅटरीची जोडणी काढून केले जाते. केबिन फिल्टरचे घर, वरची आवरणे, सहा इग्निशन कॉइल आणि वायुवीजनाची नळी काढल्यावर झाकण सुटते. ते पेचकसाने उचकटल्यास प्लॅस्टिकला तडा जाऊ शकतो. जुन्या रबराचे तुकडे उघड्या इंजिनात पडू न देता दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ केले जातात.

कडेचे आणि स्पार्क प्लगच्या विवरांभोवतीचे गॅस्केट एकाच वेळी बदलले जाते. बोल्टांखालील रबरी वलयेही बदलणे इष्ट असते. पुढे झडपांची वेळ बदलणाऱ्या 'व्हॅनॉस' यंत्रणेचा सांधा आणि मागे अर्धवर्तुळाकार खाच यांच्या कोपऱ्यांवर सीलंटचा लहान ठिपका दिला जातो. बोल्ट टॉर्क पान्याने क्रमाक्रमाने १० न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. उलट झाकण वाकते किंवा फुटते.

फिल्टरच्या घराच्या दुरुस्तीसाठी अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप बाजूला करावे लागतात. व्हॅनॉसच्या तेलनळीच्या जोडातील वॉशर नवे घातले नाहीत, तर त्याच जागी दुसरी गळती सुरू होते.

गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी द्रव्ये रबर फुगवतात. त्यांचा परिणाम काही काळ टिकू शकतो. मात्र तडा गेलेले रबर त्यांनी सांधले जात नाही.

दुर्लक्षाचे परिणाम

तप्त एक्झॉस्टवर पडणाऱ्या तेलामुळे आग लागण्याचा धोका असतो. तेलाने भिजलेला पट्टा घसरतो किंवा तुटतो. तेलाची पातळी फार खालावल्यास बेअरिंगांचे कायमचे नुकसान होते. डिपस्टिकवरील किमान व कमाल खुणांमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते, त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत पातळी नियमित तपासणे आवश्यक ठरते.

प्रत्येक ओल मात्र तातडीची नसते. ऑइल पॅनच्या कडेला नुसता दमटपणा असून थेंब पडत नसेल, तर त्यावर लक्ष ठेवून हे खर्चिक काम उपचौकटीच्या इतर दुरुस्तीबरोबर करणे व्यवहार्य असते. एक्झॉस्ट किंवा पट्ट्यावर येणारी गळती लहान असली, तरी ती लांबणीवर टाकणे धोक्याचे असते.